मेव्हण्याची शाल

कुंभार पिंपळगावात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, भरल्या मांडवात मी मेव्हण्याच्या खांद्यावर शाल घातली आणि तिच्या काठावरचा कुंकवाचा डाग मला दिसला. शाल त्याचीच होती. दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला घातलेली.

बायकोनं बजावलं होतं, "दुकानातून नवी आणा." जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं कापड मोजतोय, डोळे मिटून पोत ओळखतो, असं गिऱ्हाइकांना सांगतो. पण मेव्हण्याला नवी कशाला, म्हणून कपाटातल्या शालींच्या चवडीतली सगळ्यात खालची ओढली. घरोघरी असते अशी चवड. एका सत्काराची शाल दुसऱ्या सत्काराला जाते. फक्त ज्याची त्याला जाऊ नये, एवढंच बघायचं असतं.

मेव्हणा व्यावसायिक बॉक्सर. पुण्यात राहून तीन वर्षांत सहा लढती खेळला, सहाही जिंकला, कमरेला विजेतेपदाचा पट्टा आला. मग डॉक्टर म्हणाले, डोळा जपा. सव्विसाव्या वर्षी गडी निवृत्त! सत्कार त्याचाच. सहा लढतींचा सगळा वेळ एकत्र केला तरी आमच्या दुकानातली एक दुपार भरत नाही. आणि मला अठ्ठावीस वर्षांत मालक एकदाच म्हणाले, "आज लवकर आलात."

पट्टा जिंकल्यावर गावानं घातलेली पहिली शाल अंगावर घेऊनच तो आमच्या घरी आला होता. बायकोनं ओवाळलं, त्यानं ती शाल काढून मला घातली, पाया पडला. तो जिना उतरायच्या आत मी ती कपाटात कोंबली.

आता मांडवात तो वाकला आणि हळूच म्हणाला, "दाजी, घडी बी मोडली न्हाई का हो?"

मी घाईनं नारळ त्याच्या हातात दिला.

तो माईकपुढे गेला. आता हा शालीचं सांगतो, म्हणून मी मांडवाबाहेरची वाट बघून ठेवली. तो म्हणाला, "माझ्या हाताला बांधायला पहिल्या पट्ट्या दाजीनं दिल्त्या. मांजरपाट फाडून."

टाळ्या पडल्या. दिल्या होत्या खऱ्या. "घे, जखमेला कामी येतील," असा टोमणा मारून दिल्या होत्या. ते त्यानं गाळलं. हे मोठेपणही त्यालाच मिळावं, याचंसुद्धा मला वाईट वाटलं.

परतताना मोटारसायकलनं घनसावंगी ओलांडली. मग मागून बायको म्हणाली, "कुंकू माझ्याच बोटाचं होतं, वळखलं मी."

मी गाडी जरा हळू केली.

"त्यो सहा लढती खेळला अन् थांबला. तुम्ही लग्नापासून त्याच्यासंगं लढून राह्यले, एक बी जिंकले न्हाई. आता तुम्ही बी घ्या ना निवृत्ती. शाल मी घालते."