‘येतो’ म्हणणारी आई

पुण्याला निघाले त्या दिवशी आईनं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. गणेशपेठच्या स्टँडजवळून दुपारी चारला ट्रॅव्हल्स निघणार होती आणि आई तीन वाजताच दवाखान्यातल्या कामाच्या फिकट निळ्या साडीत येऊन उभी. घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता म्हणाली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती आया आहे, माझ्या दहावीत बाबा गेले तेव्हापासून. तिच्या हातात मुगवड्यांची पिशवी होती, आणि ती बॅगेत कुठं ठेवायची यावरून आमचं चांगलंच वाजलं. गाडी सुटायला लागली तशी मी खिडकीतून ओरडले, “जातो गं आई!” तर ती गाडीसोबत दोन पावलं चालत म्हणाली, “जातो म्हणू नाही बाई. येतो म्हणावं.” मग मी म्हटलं, “येतो.”

जे नागपुरातच राहिले त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडे बाईसुद्धा ‘मी येतो, मी जातो, मी करतो’च म्हणते. माझी आई म्हणते, आजी म्हणायची, शेजारच्या कमलकाकू म्हणतात. आपल्यातले जे पुण्याला गेले, त्यांना मात्र पुढचं सांगायची गरज नाही. ऑफिसातल्या पहिल्याच आठवड्यात मी जेवायला उठताना म्हटलं, “मी येतो.” सगळं टेबल हसलं. “येतो? मुलगा आहेस का तू?” वाईट हेतूनं कुणी हसलं नव्हतं हो, पण मी त्या दिवशी डब्यातली अर्धी पोळी तशीच परत नेली. पंधरा दिवसांत मी ‘येते’ झाले. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘करून राहिली’चं ‘करतेय’ झालं. इतकी चटकन बदलले की मलाच माझं कौतुक वाटायचं. कसलं काय! जी गोष्ट इतक्या सहज टाकता आली तिची मला किंमत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

कंपनीत आमचं काम वाय-फायचं. मोठ्या इमारतींत, कारखान्यांत, कॉलेजांत कुठल्या भिंतीवर कुठलं यंत्र लावलं म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल पोहोचेल, ते ठरवायचं. दोन वर्षांनी साहेबांनी सांगितलं, वायरलेस नेटवर्क इंजिनिअरची परीक्षा पास झालात तर स्वतःचे प्रोजेक्ट मिळतील, नाहीतर दुसऱ्यांच्या मागे शिडी धरून फिरा. आम्ही पाच जणांनी अभ्यासाचा गट केला. माझ्या खोलीत तिघी राहायच्या आणि तिघींचे फोन सतत चालू, म्हणून परीक्षेआधी महिनाभर घरून काम करायची परवानगी घेऊन मी नागपूरला आले.

रामबागेतल्या आमच्या घरात खाली दोन खोल्या आहेत, वर गच्चीवर पत्र्याची एक. आईनं वरची खोली झाडून, टेबलाखाली वीट लावून त्याचा डुगडुगणारा पाय बसवून दिला. तिची सकाळची पाळी असायची. दुपारी तीनला यायची आणि पाणी पिऊन सरळ वर. माझ्या वहीतले आकडे बघून ती पहिल्या दिवशी घाबरलीच. सिग्नलची ताकद उणे आकड्यांत मोजतात, त्यामुळे पानभर उणे चाळीस, उणे सदुसष्ट, उणे ऐंशी असंच लिहिलेलं. “हे सारे उणे म्हणजे नापासच झाली ना वं तू?” म्हणाली. मी हसत सुटले. उणे चाळीस म्हणजे जोरदार, उणे ऐंशी म्हणजे रडकं, हे तिला एका बैठकीत समजलं. माझ्या गटातल्या एकाला ते समजायला आठवडा लागला होता.

भिंतीतून, लोखंडातून, पाण्यातून सिग्नल किती कमी होतो हे मोजायचा सराव मला करायचा होता. त्यासाठी कुणीतरी फोन घेऊन घरभर फिरणं भाग होतं. ती आपणहून फिरली. गुडघे दुखत असताना जिना चढली-उतरली. गव्हाच्या कोठीमागं उभी राहिली, पाण्याच्या टाकीमागं उभी राहिली. आणि मध्येच एकदा म्हणाली, “आमच्या तिकडं एक्स-रेच्या खोलीत मोबाइल लागतच नाही. भिंतीत शिसं टाकून हाय म्हणते.” मी ते वहीत लिहून घेतलं.

त्या दिवसांत आम्ही खूप बोललो. दवाखान्यातल्या गमती सांगता सांगता ती एकदा म्हणाली, “दिवसभर मले सारे मावशीच म्हणतेत. मावशी इकडं, मावशी तिकडं. घरी आली का मंग मी आई होतो.” हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं. भाजी निवडत होती, सहज बोलून गेली.

आता जे सांगायचं ते सांगते. टाळत टाळत इथवर आले, पण त्याच्यासाठीच तर लिहायला बसले.

रविवारी सकाळी आमच्या गटाची व्हिडिओ मीटिंग होती. घराचा सर्व्हे प्रत्यक्ष करून दाखवायची पाळी माझी होती. मी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, पडद्यावर घराचा नकाशा. आई खाली, तिच्या हातात माझा फोन. तिला माझ्या सूचना ऐकू याव्यात म्हणून फोनही त्याच मीटिंगमध्ये जोडला होता. मी सांगेन तिथं तिनं जायचं, आकडा वाचायचा, मी तो नकाशावर टाकायचा. छान चाललं होतं. मग ती म्हणाली, “थांब वं, मले चष्मा घेऊ दे. हां. उणे एकाहत्तर दाखवून राहिलं. आता मी मोरीकडं जातो.”

कुणीतरी हसलं. “जातो? काका आहेत की काकू?” आणखी दोघं हसले. सायली, माझी पुण्याची मैत्रीण, तिनं मात्र आपुलकीनंच विचारलं, “कोण आहेत गं ह्या? किती गोड बोलतात.”

मी म्हटलं, “कामाला येतात त्या मावशी आहेत.”

इतकं सरळ, इतकं पटकन. जीभ अडखळली नाही की आवाज कापला नाही. विचारणारीनं गोड म्हटलं होतं, टोमणासुद्धा मारला नव्हता, तरी माझ्या तोंडून हेच निघालं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ना, मी तर भिंती मोजून त्याच घरातल्या बाईला बाहेर काढलं.

आणि वायरलेसची परीक्षा द्यायला निघालेल्या मला हे आठवलं नाही की खाली तिच्या हातातला फोन त्याच मीटिंगमध्ये आहे.

मग फोनवरून आई बोलली. हळू, एकेक शब्द जपून, दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांशी बोलावं तसं. “ताई, मी आता मोरीजवळ उभी आहे. इथे उणे पासष्ट आहे. आणखी कुठे जाऊ?”

तिनं माझं खोटं सांभाळून घेतलं. मी काय केलं? मी म्हटलं, “झालं, मावशी. फोन ठेवा.” ‘ठेवा’ म्हटलं मी, आईला. जन्मात पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं ते असं.

मीटिंग संपवून खाली आले तेव्हा ती तांदूळ धूत होती. फोन ओट्यावर, कोरड्या जागी ठेवलेला. मी दारात उभी. ती म्हणाली, “भात टाकते. वरण सकाळचं आहे, चालेल ना तुला?” टाकते. तुला. मी मानेनं हो म्हटलं आणि जेवायला बसले. तिनं एक थापड मारली असती तर मी आयुष्यभर तिचे उपकार मानले असते. पण ती शांतपणे वाढत राहिली, आणि मीही निर्लज्जासारखी दोनदा भात घेतला.

परीक्षा पास झाले. त्यात एक प्रश्न असा आला की दवाखान्यातल्या एका विभागात सिग्नल अजिबात पोहोचत नाही, संभाव्य कारण कोणतं? चार पर्याय होते. मी शिशाच्या भिंतीवर खूण केली. जिला मी मावशी म्हटलं तिनं शिकवलेलं उत्तर. परीक्षा केंद्रातच निकाल पडद्यावर आला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची मुलगी टाळ्या वाजवत होती आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं होतं. घरी फोन केला. आई म्हणाली, “अभिनंदन.” माझ्या आईनं हा शब्द त्याआधी कधी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे ‘लय बेस झालं’ म्हणतात.

तेव्हापासून ती माझ्याशी तशीच बोलते. पुस्तकातलं बोलते. सुरुवातीला वाटलं, रागावलीय, चार दिवसांत विसरेल. महिने गेले. मी पुण्यात मोठी खोली घेतली, प्रोजेक्ट मिळाले, शिडी धरायला आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. दर रविवारी फोन लावते आणि पलीकडून एक नीटनेटकी बाई विचारते, “कशी आहेस? जेवलीस का?” मीही नीटनेटकं सांगते. दोघीही चुकत नाही.

मागच्या महिन्यात न कळवता घरी गेले. फाटकाशी पोहोचले तर आई आणि कमलकाकू पायरीवर बसलेल्या. आई सांगत होती, “मी तं त्याले म्हणलं, बापा, तू मले नको शिकवू,” आणि दोघी खिदळत होत्या. मी बॅग घेऊन तिथंच थांबले. किती दिवसांनी ऐकत होते मी तो आवाज! तिनं मान वळवली, मला पाहिलं, पदर सारखा केला. “आलीस? कळवलं का नाहीस? बस, मी चहा करते.”

आत गेल्यावर मी ठरवूनच म्हटलं, “आई, मले थोडा जास्त दे.”

जीभ जड पडली होती. शब्द बरोबर होते, चाल चुकली. तिनं भांडं गॅसवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “माझी नक्कल करतेस का गं?”

मी नाही नाही म्हणत राहिले, आणि मग एकदाचं तोंडातून निघालं. “आई, त्या दिवशी मी तुला मावशी म्हटलं.”

“ऐकलं होतं मी. फोन माझ्याच हातात होता ना.” तिनं गॅस बारीक केला. “राग नाही आला मला. लाज वाटली. माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं.”

लाज माझी होती, आणि इतके महिने ती वागवत होती दुसरीच. मी रडायला लागले. तिनं रडू दिलं आणि चहात साखर घालता घालता सांगितलं, की दवाखान्यात एक नवीन सिस्टर आहे, पुण्याकडची. तिला आईनं सांगून ठेवलंय, मी चुकले की टोकत जा. आधी दिवसातून वीसदा टोकायची, आता दोन-तीनदा. “आता तुझ्या मैत्रिणींना घरी आण,” आई म्हणाली. “बरोबर बोलते ना मी?”

माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. निकाल ऐकायला थांबलेल्या माणसासारखी बघत होती. मला म्हणायचं होतं, आई, नको बोलूस असं, माझ्याशी तरी नको. पण एवढी मेहनत केलेल्या बाईला ती फुकट गेली म्हणून कसं सांगायचं? मी म्हटलं, “हो. अगदी बरोबर.” तिला बरं वाटलं. आम्ही चहा प्यायलो.

हे तुम्ही सगळ्यांनी वाचावं, नागपुरात राहिलेल्यांनी आणि पुण्याला गेलेल्यांनीही, म्हणून लिहिलं. कबुली देऊन झाली, तिच्या मनात रागही नव्हता, पण तेवढ्यानं जुनं बोलणं परत येत नाही. घर तिथंच आहे. जिना आहे, कोठी आहे, वरच्या खोलीतल्या टेबलाखाली वीटसुद्धा आहे. मी जाते तेव्हा पाहुणीसारखी चांगली बडदास्त होते.

परवा दुपारी फोन केला. मला ताप होता, घसा बसलेला. दोन शब्द बोलले असेन तेवढ्यात आई घाईनं म्हणाली, “आवाज असा काहून येऊन राहिला वं तुहा?” आणि लगेच थांबली. मग सावकाश, “म्हणजे, असा का येतो आहे तुझा आवाज?”

सर्दी झाली, एवढंच मी सांगितलं. पहिलं वाक्य माझ्या आईचं होतं, दुसरं मी तिला बोलायला लावलेलं. पहिल्या वाक्यापुरती मी घरी होते.