स्वल्प राहिलेलं तेल

सासऱ्यांच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये मी चार लिटर तेल जास्त ओतलं. जळक्या तेलाचा वास आला की अजून माझे कान गरम होतात. नव्वदच्या दशकातलं बंगळूर, मी पुण्याहून नुकताच आलेला, आणि परदेशातून आणलेली ती आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी सासरे रोज स्वतःच्या हाताने पुसत. तेल बदलताना गॅरेजात लक्ष ठेवायला त्यांनी मला पाठवलं. मेकॅनिक मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या घरातला. लिटर-लिटरच्या आठ डब्यांपैकी चार ओतून तो म्हणाला, "स्वल्प जुनं तेल आतच राहतंय, अण्णा. एवढं साकु, पुरे." स्वल्प म्हणजे आम्हा पुणेकरांच्या लेखी चमचाभर, मग चार डबे उरले कसे? हे आता हा लांबवणार, मी ताडलं. त्याने ते स्वतःहून डिकीत ठेवले, तेव्हा तर खात्रीच पटली: इतका साळसूद माणूस नक्कीच तेल कमी भरल्याचं लपवतोय. घरी येऊन मी चारही डबे गुपचूप गाडीत रिकामे केले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांबरोबर निघालो, तर चढावर बॉनेटखालून धूर आला आणि रस्त्यावर लाल तेलाचा ओघळ लागला. बोलावून आणलेल्या मेकॅनिकने तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. जुनं तेल निम्मं आतच अडकतं आणि इथे निम्म्यालाही स्वल्पच म्हणतात, हे आज मी इतरांना ऐटीत सांगतो. त्या दिवशी सासरे एवढंच म्हणाले, "तुम्हाला लक्ष ठेवायला पाठवलं होतं जावईबापू, अक्कल चालवायला नाही."