सहीआधीचा तास

विमानमावशी हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं. एकोणीस वर्षं आशियातल्या चार देशांत इंग्रजी शिकवून ती परत आली, तेव्हा गल्लीनं आपापसात ठरवून टाकलं की या बाई काही इथं टिकायच्या नाहीत, महिन्याभरात पुन्हा उडतील. बाई टिकल्या. दीड वर्ष झालं, थोरल्या बहिणीच्या घरात मागच्या खोलीत राहत होत्या, आणि सकाळी एका क्लासमध्ये शिकवायला जात होत्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

एकोणीस वर्षांत तिला एक खोड जडली होती. समोरच्याला आपली भाषा येत नसली की शब्द सुटे सुटे करून, हातवारे करून बोलावं लागतं. तसं ती आता सगळ्यांशीच बोलायची, आणि तेही आपल्याच भाषेत. भाजीवाल्याला एकदा तिनं बोटं नाचवत सांगितलं, "मला – कांदे – हवेत. अर्धा – किलो. समजलं?" तो बिचारा म्हणाला, "बाई, मी बहिरा नाही." थोरल्या बहिणीनं हा किस्सा आपल्या कामाच्या ठिकाणी सांगून सांगून पार झिजवला होता.

थोरली बहीण म्हणजे ताई. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घ्यायची. सव्वीस वर्षं तीच खोली, तीच खुर्ची, दंडाला बांधायचा तोच निळा पट्टा. हात इतका हलका की लोक मुद्दाम तिची वेळ विचारून यायचे. घरी मात्र तिच्या जिभेचा हात हलका होता असं कुणी म्हणणार नाही. नवरा गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. त्यानंतर दोघी बहिणींची आई अंथरुणाला खिळली, ती पाच वर्षं. कुणा एकीला आईजवळ राहणं भाग होतं. कुणी राहायचं हे कधी बसून ठरलंच नाही. धाकटी आधीच गेलेली होती, एवढंच.

आणि आता ताईची मुलगी निघाली होती. घरी तिला चिमणी म्हणत. तेवीस वर्षांच्या, लहान मुलांच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेल्या बाईला कुणी चौघांत चिमणी म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. परदेशात शिक्षक पाठवणाऱ्या एका एजन्सीनं तिला निवडलं होतं. सगळे कागद तयार होते, फक्त एका हमीपत्रावर पालकाची सही राहिली होती. एवढ्या मोठ्या घोडीला पालकाची सही कशाला, हे मावशीलाही कळेना. पण एजन्सीचा नियम म्हणजे नियम. ताईनं तो कागद पंधरा दिवस औषधांच्या डब्याखाली दाबून ठेवला होता. सोमवारी सकाळी तो पोचला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि आज रविवार उजाडला होता.

सकाळीच ताईनं धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं.

"आज तू तिला सगळं सांगायचंस. चारही देशांतलं वाईट तेवढं. चांगलं तोंडातून काढायचं नाही."

"आणि तिनं विचारलं तर?"

"तर ठसका लागल्यासारखं कर."

मावशी हसली खरी. इकडे आड, तिकडे विहीर. चिमणीला नकाशा वाचायला आला तो मावशीच्या पत्रांवरच्या शिक्क्यांनी. तिला आता नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि जा म्हणावं तर ताई जे एकोणीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती ते बोलेल: स्वतः गेलीस, आता माझी पोरही नेलीस. मावशीला साऱ्या जगात भीती होती ती या एका वाक्याची.

जेवणं झाल्यावर ताई आणि चिमणीसमोर तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पट्टीनं चार रकाने आखले. तोंडानं सांगायला धीर नसला की शिक्षक तक्ता काढतो. देशांची नावं तिनं लिहिली नाहीत. नाव लिहिलं की ऐकणारा लगेच त्या देशाबद्दल मत करून बसतो, असं तिचं म्हणणं. लिहिलं ते पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

"पहिला देश थंड. पोरं दिवसभर शाळा करून संध्याकाळी आमच्या क्लासला यायची आणि बसल्या बसल्या झोपायची. दाराला काच. काचेबाहेर आया. माझ्याबद्दल लेखी तक्रार आली, काय माहितीये? बाई पुरेशा हसत नाहीत."

"मी हसेन," चिमणी म्हणाली.

"सहा तास? हसून बघ. गाल दुखतात. दुसऱ्या देशात वर्गात चाळीस जणं, आणि चाळीसही मूग गिळून बसलेली. उत्तर येत असलं तरी एकटं कुणी बोलणार नाही. शिक्षकही तसेच. तीन वर्षं मी काहीतरी चुकीचं करत होते, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकानं सांगितलं नाही. अजून मला कळलेलं नाही ते काय होतं."

चिमणीची जागा नेमकी त्याच देशातली होती. ती म्हणाली, "चालेल."

"तिसऱ्या देशात माझा पासपोर्ट मुख्याध्यापकांच्या कपाटात. मागितला की किल्ली सापडायची नाही. आणि कुणाला नापास करायचं नाही. कोरी वही दिली तरी पास. चौथ्यात कामाचा परवाना आज येतो, उद्या येतो. तपासणीला माणसं आली की मला मागच्या दारानं उपाहारगृहात पाठवायचे आणि गळ्यात एप्रन अडकवायचे. वर पालक विचारायचे, खरी इंग्रजीची बाई कुठाय? म्हणजे गोरी. तर शाळेनं एक भटका गोरा पकडून आणला, टाय बांधून माझ्या फळ्याशी उभा केला आणि जाहिरातीचा फोटो काढला. त्या बिचाऱ्याला इंग्रजी माझ्यापेक्षा निम्मंही येत नव्हतं. माझ्याकडूनच दोन वाक्यं पाठ करून गेला."

चिमणी खो खो हसली. ताई हसली नाही, पण तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

"मग यातला सगळ्यात कमी वाईट कुठला?" चिमणीनं विचारलं.

"घरोघरी मातीच्या चुली. कुठं धूर डोळ्यांत जातो, कुठं नाकात."

"म्हणजे जाऊ नको?"

मावशीनं ताईकडे पाहिलं. ठसका लागल्यासारखं करायची हीच वेळ होती. पण तिला खोटं खोकता येईना. ती पट्टी पुसत बसली. तेव्हा ताईच उठली आणि मुलीसमोर खुर्ची ओढून बसली.

"तिथली पोरं बोलत नाहीत म्हणे. बरं. मी तशी बसते. घे माझा तास. दहा मिनिटांत मला बोलतं करून दाखव. नाही जमलं तर पुन्हा त्या कागदाचं नाव काढायचं नाही."

"आणि जमलं तर?"

ताईनं तोंड मिटून हातांची घडी घातली. तिची शाळा सुरू झाली होती.

चिमणीनं आधी खडूनं फरशीवर चित्रं काढली. मांजर काढलं, घर काढलं, हे काय म्हणून इंग्रजीत विचारलं. ताई ढिम्म. मग कागदाचा बोळा चेंडूसारखा टाकला. ज्यानं झेलला त्यानं बोलायचं असा तो खेळ. बोळा ताईच्या मांडीवरून घरंगळून खाली पडला. ताईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग चिमणीनं टाळ्या वाजवून एक गाणं म्हटलं आणि मध्येच तिची तिलाच लाज वाटून थांबली. मावशी कोपऱ्यात बसून हात चोळत होती. मदत करावी तर ताईशी दगा, न करावी तर पोरीशी. सहा मिनिटं गेली.

अखेर चिमणीनं जुना ठेवणीतला पाठ काढला. तू कधी अमुक केलं आहेस का, असे प्रश्न इंग्रजीत एकामागून एक विचारायचे आणि समोरच्यानं हो किंवा नाही म्हणायचं. जगातला प्रत्येक इंग्रजीचा शिक्षक हा पाठ कधी ना कधी घेतो. मावशीनं तर हजारोंना शिकवला असेल. मुक्या वर्गातही तो चालतो, कारण त्यात तोंड उघडावं लागत नाही, मान हलवली तरी भागतं.

"आई, नुसती मान हलव," चिमणी म्हणाली आणि इंग्रजीत सुरू झाली. तू कधी बर्फ पडताना पाहिलंयस?

ताईनं मान हलवली. नाही. रुग्णांचे रिपोर्ट वाचून वाचून तिचं शाळेतलं इंग्रजी शाबूत राहिलं होतं. प्रश्न तिला नीट कळत होते.

तू कधी समुद्र पाहिलायस? नाही.

विमानात बसलीयस? नाही. कधी हॉटेलच्या खोलीत राहिलीयस? नाही. कधी एखाद्या गावात एकटी राहिलीयस, जिथं तुला कुणी ओळखत नाही? नाही.

पहिल्या दोन प्रश्नांना चिमणीचा आवाज कसा खणखणीत होता. आता तो उतरू लागला. कधी नुसतं फिरायला म्हणून रजा घेतलीयस? ताईनं जरा विचार केला. प्रामाणिकपणे केला. मग मान हलवली. नाही.

मावशीनं हात चोळणं थांबवलं. या पाठात कुणाचं ना कुणाचं कशाला तरी हो येतंच, आणि मग वर्ग हसतो. पाठ रचलेलाच तसा असतो. नुसत्या नाहींचा तास तिनं चार देशांत कधी पाहिला नव्हता. आपली बहीण हट्टानं नाही म्हणत नाहीये, खरं तेच सांगतेय, हे तिला कळलं आणि आपण इथं बसून हे पाहतोय याची तिला शरम वाटली.

चिमणी थांबली. हातातला खडू ती बोटांनी खरवडत होती. दहा मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती.

"नेक्स्ट," ताई म्हणाली. लॅबमध्ये पुढच्या माणसाला बोलवावं तशी, अगदी सहज. "थांबलीस कशाला? विचार पुढचा."

"नाही विचारायचं मला."

"मास्तरणीनं असं हातपाय गाळून कसं चालेल?" ताई म्हणाली. मग खुर्चीत वळून तिनं बहिणीकडे पाहिलं. "विद्यार्थ्यानं प्रश्न विचारलेला चालतो का गं तुमच्यात?"

"चालतो."

"मग तुला विचारते. तू कधी पस्तावलीस? हो की नाही, एवढंच सांग."

मावशीला वाटलं, नाही म्हणावं. नाही म्हटलं की पोरगी सुटते. मग वाटलं, हो म्हणावं. बहीण तरी जिंकते. हिशेब जमेना, तेव्हा तिनं खरं होतं ते सांगितलं.

"हो. चारही देशांत. आई गेली त्या दिवशी सगळ्यात जास्त." ती पहिल्यांदाच भरभर बोलत होती, शब्द न तोडता. "तुझा निरोप सकाळीच शाळेत आला होता, ताई. त्या दिवशी पालक तास बघायला येणार होते. म्हणून मुख्याध्यापकांनी तो खिशात ठेवला आणि मला संध्याकाळी दिला. दिवसभर मी हसून हसून पोरांकडून 'आज मी आनंदात आहे' घोकून घेत होते. तू फोन करत होतीस आणि मी उचलत नव्हते, असंच तुला वाटत राहिलं. मी सांगितलं नाही. सांगून काय, सबब वाटली असती."

अकरा वर्षं ताईच्या मनात एक फोन वाजत होता आणि तो कुणी उचलत नव्हतं. तिनं हात पुढं करून धाकटीच्या गुडघ्यावर ठेवला, नुसता ठेवला.

"तरी पुन्हा गेलीस," ती म्हणाली.

"गेले."

"मी नाही पस्तावले बघ कधी. एकदासुद्धा नाही." ताईच्या आवाजात तक्रार नव्हती, आपलंच आपल्याला आत्ता कळतंय असं काहीतरी होतं. "पस्तावायला आधी काहीतरी करून बसावं लागतं."

चिमणी रडायलाच लागली. "आई, मी नाही जात. मला नाही जायचं. राहू दे तो कागद."

"गप्प बस. मला बोलतं केलंस ना? मग." ताई उठली, औषधांचा डबा सरकवला, हमीपत्र काढलं आणि मेजावर सपाट केलं. चष्मा लावून तिनं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. पंधरा दिवसांत तिनं ते एकदाही वाचलं नव्हतं. मग सही केली. सहीखाली अडीअडचणीला कुणाला कळवावं त्याची रेघ होती, तिथं आपलं नाव आणि नंबर घातला.

पेन मात्र तिनं खाली ठेवलं नाही. समासातल्या कोऱ्या जागेत ती हळूहळू, एकेक अक्षर जपून, इंग्रजीत काही लिहू लागली. कागद वाऱ्यानं उडत होता म्हणून मावशीनं कोपरा धरला आणि उलट्या बाजूनं वाचलं. घरून कसलाही निरोप आला तर माझ्या मुलीला त्याच क्षणी द्यावा. ती वर्गात शिकवत असली तरी.

"आई, तिथं असं काही लिहायची जागा नाहीये," चिमणी डोळे पुसत म्हणाली.

"केली मी," ताई म्हणाली आणि लिहीत राहिली.