सुंदराबाईंचा एक तांब्या

सुरतच्या लिंबायतमधल्या सुंदराबाईंच्या खानावळीत नवा माणूस आला की त्याला आधी भाकरी मिळत नसे. आधी एक कांदा मिळे. सुंदराबाई तो पाटावर ठेवून बुक्कीने फोडत आणि त्याच्या हातात देत. "खा. सगळा खा. इथलं पाणी लागायचं नाही मग."

माणूस धुळ्याकडचा असो, अमळनेरचा असो की चोपड्याचा, या कांद्यातून त्याची सुटका नव्हती. परक्या मुलखाचं पाणी अंगाला लागतं आणि ते लागू नये म्हणून त्या मुलखाचा कांदा आधी पोटात गेला पाहिजे, हे सुंदराबाई माहेरून शिकून आल्या होत्या. डोळ्यांतून पाणी काढत नवा माणूस कांदा संपवी. बाकावर बसलेले जुने जेवणारे, एकेकाळी आपणही असेच रडलो होतो, हे आठवून खूश होत.

कांद्यानंतर नियम. पाणी उकळलेलंच प्यायचं. बाहेरच्या पाण्याला तोंड लावायचं नाही. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा दिसला तर मान वळवायची. आणि जेवणाला एक तांब्या पाणी, त्याच्यावर दिवसभर थेंब नाही.

हे नियम अनुभवातून आले होते. चौऱ्याहत्तर साली त्यांचा नवरा सुकलाल शिरपूरजवळच्या गावातून सुरतेला कापडाच्या लूमवर आला आणि चौथ्या महिन्यात कावीळ घेऊन गावी परतला. त्याला उभं करायला पावसाळा गेला. तो पुन्हा निघाला तेव्हा सुंदराबाई हंडा, स्टो आणि वर्षाचा मुलगा घेऊन बरोबर निघाल्या. सुकलाल पुढे पंधरा वर्षं धडधाकट जगला. शेवटी गेला तो सायकलवरून पडून. पोटाने नव्हे, हे सुंदराबाई आवर्जून सांगत.

एका तांब्याचा नियम मात्र वेगळ्या रस्त्याने आला होता. खानावळ सुरू झाली तेव्हा हंडा एकच होता आणि जेवणारे बारा. एका हंड्यात बारा तांबे बसत. पुढे हंडे तीन झाले, जेवणारे बावीस झाले, पण तांब्या एकच राहिला. टंचाईची सवय झाली होती. सवयीचं शास्त्र झालं. "जेवताना फार पाणी प्यालं की अन्न पोटात तरंगतं," असं सुंदराबाई सांगू लागल्या, आणि बावीस जणांपैकी एकानेही कधी हरकत घेतली नाही.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेगची बातमी पसरली, लोक मिळेल त्या गाडीने पळाले, आणि परतल्यावर सुंदराबाईंच्या जेवणाऱ्यांपैकी एकही आजारी पडलेला नाही असं आढळलं. त्यांचं नाव शेजारच्या उधन्यापर्यंत झालं. फक्त हिलालभाऊ, सुकलालच्या वेळेपासून जेवायला येणारे लूमवरचे मास्तर, मिशीत हसत म्हणाले, "वहिनी, सगळे तर गावाला पळालेले. आजारी पडायला इथे उरलं होतं कोण?"

"मी होते ना. मला काय झालं?"

"तुमच्याजवळ यायची प्लेगची छाती आहे का?"

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये मुलगा योगराज मस्कतला निघाला. हजीऱ्याच्या एका कारखान्यात सहा वर्षं वेल्डिंग करून त्याने हात बसवला होता. आता वाळवंटात गॅसच्या पाइपलाइनवर दोन वर्षांचं काम मिळालं होतं. परतल्यावर सुरतजवळ कडोदऱ्याला स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं, हा बेत त्याचा आणि बायको नूतनचा. सुंदराबाईंना त्या बेतापेक्षा योगराजच्या पोटाची काळजी जास्त होती. सुरत परमुलूख, तर मस्कत त्याच्याही पलीकडचा. त्यांनी कळण्याच्या भाकरीचं पीठ, लसणाची चटणी आणि पाणी उकळायला एक छोटी किटली बांधून दिली आणि मुंबईची आगगाडी सुटेपर्यंत खिडकीतून नियम म्हणून घेतले. सहा वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्या झेललेला बाप्या माणूस, डब्यातल्या लोकांसमोर मान हलवत म्हणत होता, "कांदा आधी. पाणी उकळून. तांब्या एक."

पहिलं पत्र महिन्याने आलं. नूतनने ते दुपारच्या पंगतीत मोठ्याने वाचलं. योगराजने पोचल्याच्या दिवशी दुकान शोधून कांदा घेतला होता आणि खोलीतल्या केरळी माणसांच्या देखत बुक्कीने फोडून खाल्ला होता. तळटीप अशी होती की कांद्याच्या पोत्यावर नाशिकचं नाव होतं.

पंगत हसत सुटली. "म्हणजे कांदाही आपल्यासारखाच निघाला," हिलालभाऊ म्हणाले. "तोही पोटासाठी परमुलखात गेलेला! वहिनी, आपल्या इथला तरी सुरतचा आहे ना?"

सुंदराबाईंनी दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्याने लासलगाव सांगितलं. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला: कांदा कुठे पिकला याला अर्थ नाही, कुठे विकत घेतला याला आहे. विषय संपला.

जूनचं पत्र नूतनने पंगतीत वाचलं नाही. आत, चुलीपाशी वाचलं.

योगराज कामावर दोनदा भोवळ येऊन पडला होता. दुसऱ्यांदा कॅम्पच्या डॉक्टरकडे नेलं. लघवी तपासली, कमरेच्या वर दाबून पाहिलं, आणि डॉक्टरने विचारलं, दिवसाला पाणी किती पितोस? योगराजने खरं ते सांगितलं. रात्री किटलीत उकळून एक थर्मास भरतो, तेवढंच दिवसभर. साइटवर थंड पाण्याच्या टाक्या आहेत, पण ते पाणी परकं. डॉक्टरने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि शेजारच्या नर्सला काहीतरी सांगितलं, त्यावर ती हसली. ऊन अठ्ठेचाळीस अंशांचं. मूत्रपिंडावर ताण आला आहे. वीस दिवसांनी पुन्हा तपासणार. सुधारणा नसेल तर विमानात बसवून घरी. पत्राच्या शेवटी योगराजने लिहिलं होतं: 'डॉक्टर म्हणतात, रोज आठ-दहा लिटर पी. आई काय म्हणते ते विचारून कळव.'

"आठ-दहा लिटर," सुंदराबाई म्हणाल्या. "माणूस आहे का म्हैस?"

"आई, ते डॉक्टर आहेत."

"डॉक्टरला काय माहीत याचं पोट?"

नूतनने पत्रावरची तारीख बोटाने दाखवली. वीस दिवसांपैकी अकरा टपालातच गेले होते.

सुंदराबाईंनी त्या दुपारी एक गोष्ट केली, जी त्यांनी आजवर केली नव्हती. हिलालभाऊंचा डबा द्यायच्या निमित्ताने त्या स्वतः लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेल्या. इतकी वर्षं बावीस माणसं उकाड्यात बारा-बारा तास उभी राहून एका तांब्यावर धड राहिली आहेत, हे डोळ्यांनी पाहायचं आणि सुनेला तसं सांगायचं, एवढाच हेतू.

खात्यात पत्र्याखाली चाळीस लूम धडधडत होते. दाराशी, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, तीन रांजण होते. त्यांच्याभोवती सुंदराबाईंचे जेवणारे उभे होते. एक जण ओंजळीने पीत होता. दुसरा डबड्याने. हिलालभाऊ पूर्ण भरलेला लोटा तोंडाला न लावता वरून घशात ओतत होते आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. लोटा खाली आला तेव्हा समोर वहिनी.

"कितवा हा?" सुंदराबाईंनी विचारलं.

हिलालभाऊंनी मिशा पुसल्या. "सकाळपासून? मोजत नाही कुणी, वहिनी."

"आणि माझा तांब्या?"

"तो आहेच की. जेवणाचा मान म्हणून."

"किती वर्षं चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या एका तांब्यावर राहिलो असतो तर वाळून सुकट झालो असतो, आणि तुम्हीच चटणीत कुटलं असतं मला."

बाकीचे लूमआड तोंड लपवून हसत होते. सुंदराबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. बावीस माणसांपैकी एकानेही नियम पाळला नव्हता. तो पाळणारा पृथ्वीवर एकच माणूस होता, आणि तो वाळवंटात भोवळ येऊन पडत होता.

"हे पाणी उकळलेलं तरी आहे का?"

"मालतीबाई आहेत ना दवाखान्यातल्या, त्या येऊन औषधाच्या गोळ्या टाकून जातात, दर दोन दिवसांनी. प्लेगनंतर सुरू झालंय."

सुंदराबाईंनी डबड्याने थोडं पाणी घेतलं, वास घेतला, प्यायल्या. मग पुन्हा भरून प्यायल्या. ऊन होतंच, आणि लिंबायतपासून त्या चालत आल्या होत्या.

शुक्रवारी कॅम्पला सुट्टी असे. नूतनने आयएसडीच्या बूथवरून फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला. काचेच्या खोक्यात दोघी कशाबशा मावल्या होत्या आणि बाहेर पाच-सहा माणसं नंबर लावून उभी होती. योगराजचा आवाज आला तसा सुंदराबाईंनी रिसीव्हर हिसकावला आणि घरची अहिराणी बोली सुरू केली; काचेबाहेरच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू गेला.

"योगराज, मी बोली ऱ्हायनू, तुन्ही माय! पानी पे!"

पलीकडून काहीतरी.

"टाकीचं पे! डॉक्टर पितो ना ते? मग पे! पोट भरीसन पे!"

पलीकडून पुन्हा काहीतरी, बहुधा तांब्याचं.

सुंदराबाईंनी श्वास घेतला. "तांब्या चुकला मन्हा," त्या म्हणाल्या. मग लगेच, आवाज चढवून, "पण कांदा बरोबर होता! ते उकळायचंही बरोबर होतं! बठ्ठं, सगळंच नको टाकून देऊ!"

बूथवाला गुजराती होता. त्याला अहिराणी कळत नव्हती, पण रांगेतल्या लोकांनी त्याला भाषांतर करून सांगितलं असावं, कारण दोघी बाहेर पडताना त्याने काउंटरवरचा स्वतःचा पाण्याचा ग्लास अदबीने पुढे केला. "माजी, पाणी?"

सुंदराबाईंनी तो घेतला.

उरलेले दिवस खानावळीत कुणी फार थट्टा केली नाही. नूतन रोज कॅलेंडरवर एक दिवस खोडायची. विसाव्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानात निरोपाचा फोन आला आणि दुकानदाराचा माणूस बोळाच्या तोंडाशी उभा राहूनच ओरडला, "नूतनबेन, पास! डॉक्टरने पास केला!" त्याला वाटलं, योगराजने कुठली परीक्षा दिली आहे.

त्या संध्याकाळी शेवभाजी झाली. हिलालभाऊ नेहमीच्या जागी बसले आणि ताटासाठी हात धुऊन वाट पाहू लागले. ताट आलं नाही. दोन तांबे आले, काठोकाठ भरलेले.

"हे संपवा आधी."

"वहिनी, मी खात्यातून पोटभर पिऊन आलोय."

"ते खात्याचं. हे माझं."

"अहो, तरंगेल सगळं!"

"तरंगू द्या," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर पाट ओढून बसल्या. हिलालभाऊंनी पहिला तांब्या उचलला. बाकावरचे एकवीस जण निमूटपणे आपापल्या तांब्यांकडे वळले. दाराशी त्याच दिवशी साक्रीहून आलेला नवा माणूस, हातात फोडलेला कांदा घेऊन, डोळे पुसत उभा होता. हे काय चाललं आहे, ते त्याला कळत नव्हतं. पण त्याचाही तांब्या भरून ठेवलेला त्याला दिसत होता.