फाटकातच जमलेला सौदा

“त्याइले भांडू द्या, तुमी बसा,” असं म्हणत काकू माझ्या हातातला फोन घ्यायच्या, छपरीतल्या पालथ्या क्रेटवर आपल्या फोनाशेजारी ठेवायच्या आणि चहा मांडायला आत जायच्या. सोयरिकीच्या बैठकीत व्याही शेजारी बसवावेत, तशी ती फोनांची जोडी.

मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी. काकूंची बाग मोहगावकडे. काका गेल्यावर तिथं त्या एकट्याच राहायच्या. त्या बाजूला टॉवर धड पोचत नाही, पण आमच्या अ‍ॅपला टॉवर लागतच नाही. दोन फोन जवळ आले की परस्पर एकमेकांना धरतात आणि आपापल्या मालकाच्या वतीनं भाव करतात. मालकानं फक्त आपला शेवटचा आकडा आधी भरून ठेवायचा. तो समोरच्याला दिसत नाही.

बाकीच्यांचे फोन चुटकीसरशी सौदा करायचे. काकूंचा मात्र हटून बसायचा. “दुरून ऐकू येत नसन त्याइले,” म्हणत त्या दोन्ही फोन आणखी जवळ सरकवायच्या. तोवर चहा, मग चिवडा, मग नागपूरच्या लेकीचं कौतुक, मग जामसांवलीच्या देवळात कोण कोण भेटलं त्याची हकिकत. शेवटी भाव आम्हीच तोंडानं करायचो, आणि तो रास्तच निघायचा. अशा चिवट बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण रास्त भावच घ्यायचा तर फोन का अडतो, हे मला कळेना.

एकदा विचारलंच. “काकू, आकडा चुकीचा तर नाही भरला?”

“चुकीचा काहून? जाणूनच जास्त भरला, बाबू. पहिल्या साली फोनाइचं फाटकातच जमलं. तुमी गाडीवरूनच हात हलवून गेले. मी दोन कप मांडून बसली होती.”

ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या घरात दुसरा कप एरवी निघतच नव्हता. त्यानंतर मी त्या बागेसाठी अख्खी दुपार राखून ठेवू लागलो.

काकू उन्हाळ्यात गेल्या. संत्री तोडायच्या आधी लेक नागपूरहून आली आणि तिनं काकूंच्या फोनात वाजवी आकडा भरला. मी फाटकाशी पोचतो न पोचतो तोच खिशातला फोन वाजला. सौदा जमला होता.

तरी मी गाडी बंद केली. छपरीत क्रेट पालथाच होता.

लेक दारात आली. “जमलं ना भाऊ? मग काहून थांबून राहिले?”

मी गाडी चालू केली. गाडीवरूनच हात हलवला आणि निघालो.