बर्फ तोलायला दोंडाईच्याला

भुसावळहून गाडी सुटली तेव्हाच ठरवलं होतं, अक्कांचा होकार घेतल्याशिवाय परतायचं नाही. माझ्या नातीला, रेवतीला, ध्रुवांकडच्या बर्फाचं वजन उपग्रहांनी मोजणाऱ्या गटात जागा मिळाली होती, तीही बेंगळुरूला. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई अक्का ‘नको’ म्हणाल्या की आमच्या घरात कुणी उंबरा ओलांडत नाही.

जळगावच्या केळी मागे पडल्या, अमळनेरनंतर कपाशीच कपाशी. याच वाटेने मी नवी नवरी म्हणून आले होते. तेव्हाची मी म्हणजे नुसतं गाठोडं, ठेवाल तिथे पडून राहणार. तहान लागली तरी अक्कांना सांगायची नाही. बावळट कुठली!

दोंडाईच्याला उतरले ती बाजारातल्या मिरचीने शिंकतच. अक्का ओट्यावरच होत्या. मी रेवतीचं काम सांगितलं.

“बर्फ तोलाले? तराजू कोठे शे?” (कुठे आहे?)

“तराजू नाहीच. दोन उपग्रह एकामागे एक फिरतात.”

“माले येडी समजस का?”

नुसतं तोंडाने सांगून भागेना. मग मी त्यांना बाजारात नेलं. मी पुढे, त्या मागे, दोघींच्या हातात एकच दोरी. भज्यांची गाडी दिसली तशी माझी पावलं भराभर पडली. दोरी ताणली. गाडी ओलांडून मी रेंगाळले, तर मागून अक्का सुसाट! दोरी लोळली, माझा पाय अडकला आणि मी थेट भजीवाल्याच्या बाकावर.

“बसा आजी, पन सावकाश!” तो हसला.

गुडघा चोळत मी म्हटलं, “हेच गुरुत्वाकर्षण. बर्फाचा मोठा साठा उपग्रहांना असाच ओढतो. दोघांमधलं अंतर कमीजास्त होतं, ते मोजायचं. पुढच्या फेऱ्यांत ओढ कमी भरली, की बर्फ घटला.”

अक्का मिरचीचं भजं चावत होत्या. चावता चावता थांबल्या.

“जमीनमधलं पानी बी समजस का असं?”

“समजतं. एका विहिरीचं नाही, पण मोठ्या भागाचं.”

“आपली बोर आटनी तवय समजनं. (तेव्हा कळलं.) आधी कोनी सांगं नही.” दोरी गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. “जाऊ दे आंडेरले.” (मुलीला.)

संध्याकाळी अक्का स्टेशनवर आल्या, हातात रेवतीसाठी लोणच्याची बरणी. गाडी आली तशी खिडकीला बिलगून विचारू लागल्या, “आपलं पानी कधय तोली ती?” (कधी तोलेल?)

“आधी शिकू तर द्या!”

“लवकर शिक म्हना. माले वेळ कमी शे.”

होकार आणायला गेले होते, परतताना त्यांची घाईही मांडीवर घेऊन बसले. रेवतीला फोन लावला. “नीघ बाई लवकर. इथे एक म्हातारी तुझ्या आकड्यांची वाट बघतेय, आणि वाट बघायची तिला मुळीच सवय नाही.”