बोटाने घेतलेलं नाव

नारीनच्या डोंगरातलं आमचं गाव. उपेल-एजे, म्हणजे उपेलताई, इथल्या वाचनालयात बायकांना मोबाइल शिकवते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. अजूनही कुणाचा फोन लागला की "जोडून दिलं" म्हणते. तिचा नियम एकच: दुसरीच्या मोबाइलला हात लावायचा नाही. मी एकदा लावला, तर फटकन हातावर चापट बसली.

त्या दिवशी बुर्माकान आपा रडकुंडीला आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तालुक्याला ऑपरेशनचे डॉक्टर येणार होते. नावनोंदणी मोबाइलवरच, आणि तीही पाच वाजता बंद. बटणं दिसत नाहीत म्हणून आपा मोबाइलशी बोलून अर्ज भरत होती. तो तीनदा परत आला. आडनाव पासपोर्टशी जुळेना.

एजेने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आपा, 'कडकोवा' काय सांगितलंत याला?"

"मग काय, सासऱ्यांचं नाव घेऊ? सत्तेचाळीस वर्षं नाही घेतलं."

खरं आडनाव तेमिरोवा. तेमिर हे सासऱ्यांचं नाव, आमच्या भाषेत त्याचा अर्थ लोखंड; आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. मी त्या घरची सून नाही, मला बोलायला काय जातंय! आपा मात्र लोखंडाला 'कडक' म्हणते. कढई कडक, खिळाही कडक. आणि एजे त्याच घरची धाकटी सून. तिचीही जीभ बांधलेली.

"मी बोलू का?" मी विचारलं.

"तू गप बस. तिथे तालुक्याला पुन्हा विचारलं तर काय तुला खिशात घालून न्यायचं?" एजे आपाजवळ सरकली. "तोंडाने नाही ना घ्यायचं? नका घेऊ. बोटाने घ्या."

"रागावतील गं ते."

"रागावले तर दोघींवर रागावतील."

एजेने मोबाइलला नाही, आपाच्या मनगटाला हात लावला. "डावीकडे. अजून थोडं. हां, दाबा." आमच्या लिपीतल्या आठ अक्षरांना पंधरा मिनिटं लागली.

"झालं? आलं त्यांचं नाव?" आपाने विचारलं.

"आलं."

आपा उठली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हात छातीशी घेतले आणि टेबलावरच्या मोबाइलपुढे तीनदा वाकली, नवी सून सासऱ्यांपुढे वाकते तशी. मला हसू यायला हवं होतं, पण डोळेच भरून आले. एजेही उठून तिच्याशेजारी वाकली.

मग आपाने स्वतःच्या बोटाने अर्ज पाठवला. सतरावा नंबर लागला.

"जोडून दिलं," एजे म्हणाली.